डाव्या हाताचे वेढे

एप्रिलात मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून मी पडले आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरने कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाला, "तोमेआजी, जून संपेपर्यंत हा हात हलवायचा नाही."

"मग माशांना तसं कळवा," मी म्हटलं. "त्यांची नदी पहिल्या जूनला उघडते."

तो हसला. तो ओसाकाचा. आमच्या काठावरचा असता तर हसला नसता. पहिल्या जूनला आयू मासा धरायला परवानगी मिळते आणि त्याच्या आधी या गावातल्या माशा बांधून व्हाव्या लागतात. माशा म्हणजे आयूला भुलवायला तांदळाएवढ्या गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, खोट्या. आमच्या घरात तीस-पस्तीस तऱ्हा होतात. त्यातली उसुझुमि, म्हणजे फिक्या शाईची, ही फक्त आमची. माझी आजेसासू बांधायची, मग सासू, मग मी. एकही साल चुकलेलं नाही. लढाईच्या दिवसांत गळ मिळेनात, तेव्हा सासूने शिवणाच्या सुया वाकवून बांधल्या म्हणे.

यंदा बांधणार कोण? घरात हात उरले दोन, माझ्या सुनेचे.

चिनात्सु अकरा वर्षांपूर्वी डोंगराकडच्या गावातून आली. जेवायच्या काड्या उजव्या हातात धरते, लिहिते उजव्याने, पण मुळा चिरायला घेतला की सुरी डाव्या हातात. मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि सांगून टाकलं, "या घरात डाव्या हाताने कुणी माशी बांधलेली नाही." ती "बरं, आई," म्हणाली आणि उजव्याने शिकली. दुकानात पुडक्याने जातात त्या साध्या माशा ती बांधते. उसुझुमिचं पीस मी तिच्या हातात कधी दिलं नव्हतं. तिने मागितलंही नाही. पण मी ती बांधायला बसले की तिचं काम हळू व्हायचं. डोळे माझ्या बोटांवर. तिला ती माशी हवी होती. मला दिसत नव्हतं असं नाही.

आता द्यावीच लागली.

"धागा जिभेवर ओला करून बघ," मी म्हटलं. "कोरड्या रंगाला भुलू नकोस. मासा काही उन्हात बसून बघत नाही."

पहिल्या आठवड्यात तिने बारा बांधल्या. मी डाव्या हाताने भिंग धरून पाहिल्या. डोकं मोहरीएवढं. उसुझुमिचं डोकं खसखशीएवढं हवं, नाहीतर ती पाण्यात नाक खाली घालून जाते. मी बाराही गळ पात्याने सोलून काढले.

"वेढे तेवढेच घेतले, आई," ती म्हणाली. "मोजून नऊ."

"मग धागा जाड झाला असेल रात्रीतून."

माझा मुलगा योइचि जेवता जेवता म्हणाला, "आई, जरा गोड बोललीस तर प्लास्टरला तडा जाणार नाही."

"तू भात खा."

डोकं जाड का होतं ते मला माहीत होतं. रेशमाला पीळ असतो. उजव्या हाताने गुंडाळत गेलं की दर वेढ्याला तो पीळ वाढतो, धागा गोल आणि टणक होतो. म्हणून दर चौथ्या वेढ्याला धागा दोन बोटांत धरून अर्धा उलटा फिरवायचा. पीळ सैल होतो, धागा पट्टीसारखा चपटा बसतो. एवढंच गुपित. माझ्या सासूने मला ते कधी सांगितलं नाही. सहा वर्षं तिच्या बोटांकडे बघून मी ते उचललं. मग मी तरी का सांगू? मी सांगितलं नाही. आणखी चौदा माशा सोलल्या.

मेच्या मध्यावर दवाखान्यातून परत आले तर चिनात्सुने खिडकीपाशी कागदावर एक माशी टोचून ठेवली होती. मी भिंग लावलं. डोकं खसखशीचं नव्हे, त्याहून बारीक. धागा अंगाला असा बसलेला, जसा काही रंगच लावलाय.

"कुणी बांधली?"

"मी."

"कशी?"

तिने डावा हात वर केला.

मी पुन्हा भिंग लावून वेढे पाहिले. डाव्या हाताने वेढे उलटे पडतात आणि उलट्या वेढ्यांनी पीळ आपोआप सुटतो. बोटात धरून फिरवणं नको, चौथा वेढा नको. सहा वर्षं चोरून शिकलेली माझी विद्या तिला लागतच नव्हती.

"वीस कर," मी म्हटलं. "कुवाबारा मास्तर शनिवारी येतील. मी पडायच्या आधी बांधल्या होत्या असं सांगायचं."

"बरं, आई."

मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं काहीच करत नाहीत, नदीत उभे राहतात. दर साली वीस उसुझुमि त्यांच्या. त्यांना ती दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नाही. आले, बसले, चिनात्सुने चहा आणला. त्यांनी स्वतःचं भिंग काढलं.

"वा, बाई! या वयात हात चढलाय तुमचा."

मी मान हलवली. चिनात्सु चहाचं तबक घेऊन उभी होती.

"पण एक सांगतो, राग मानू नका," मास्तर म्हणाले. "पुढे ही माशी सुनेकडे देऊ नका. तिच्या माशा पाहिल्यात मी दुकानात. सुतळी गुंडाळल्यागत. काही हातांत ती गोष्ट नसतेच."

माझ्या सुनेला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. माझ्या घरात बसून, माझा चहा पीत दुसऱ्याने ठेवायची नाहीत.

"मास्तर, तुम्ही हातात धरलीय ती तिनेच बांधलीय. सगळ्या वीस तिच्या. डाव्या हाताने."

मास्तरांनी भिंग पुन्हा लावलं. आत्ता त्यांना वेढे दिसले.

"उलटे आहेत."

"आहेत."

"उलट्या वेढ्यांची उसुझुमि? बाई, तुमच्या सासूबाई असत्या तर…"

"त्या असत्या तर तुम्हाला चहा मिळाला नसता."

त्यांनी कागद चाळवला. "पाच नेतो. बघतो पाण्यात टिकतात का."

"वीस, नाहीतर एकही नाही."

चिनात्सु हळूच म्हणाली, "आई, पाच तर पाच…"

"तू थांब."

मास्तरांनी कागद माझ्याकडे सरकवला. जोडे घालताना म्हणाले, "सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही तुमचा."

"पीळ गेला म्हणूनच ती एवढी बारीक झालीय, मास्तर. भिंग पुसून घ्या."

ते गेले. बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक. नदीपलीकडे माशा बांधणाऱ्या ओकुनोंकडे गेले असतील.

चिनात्सुने कप उचलले. मी तिला खाली बसवलं आणि चौथ्या वेढ्याचं सांगितलं. सगळं, बोटं कशी धरायची तेसुद्धा. उजव्या हाताने बांधायची वेळ आली तर असू दे, म्हटलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षीच दिसलं होतं. माझ्या उजव्या हाताला ते जमत नाही, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मी तिला चिठ्ठ्यांचा डबा आणायला सांगितला. प्रत्येक माशीच्या कागदावर बांधणाऱ्याचं नाव असतं. उसुझुमिवर सासूच्या काळापासून घराचा शिक्का मारतो, कारण आम्हा दोघींचंही अक्षर धड नव्हतं. तिला म्हटलं, शिक्का ठेव बाजूला, तुझं नाव लिही.

वीसपैकी अकरा दुकानातून गेल्या. नऊ उरल्या. पहिलं साल आहे.

जुलैत प्लास्टर निघालं. योइचिने विचारलं, "आता उसुझुमि तू बांधणार की ती?"

मी म्हटलं, एका माशीला दोन हात नसतात. मी पुडक्यातल्या बांधते. पुडक्यातल्याही यंदा चांगल्या झाल्यात, दुकानदार म्हणाला. त्याला काय कळतं म्हणा.