आदल्या दिवशीचे बोलणे

मेकॅनिक भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि काही केल्या वळायला तयार नव्हता. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. सकाळपासून नवरा तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. घशातली गाठ वाढली होती; दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डॉक्टर त्याचे स्वरयंत्र काढून टाकणार होते. आवाज म्हणून जो काही होता तो आजच्यापुरता, आणि तो त्याने तोंड मिटून घालवायचा असे ठरवलेले दिसत होते.

मास्तरांनी स्टूल ओढले. शर्टाचे वरचे बटण लावलेले आणि गळ्याशी पांढऱ्या सुती कापडाची पट्टी. त्या पट्टीआड भोक होते, मास्तर त्यातून श्वास घेत. बोलायचे झाले की तोंडाने हवेचा घोट गिळायचा आणि ढेकर काढून तिचे शब्द करायचे. एका घोटात चार-पाच अक्षरे, फार तर सहा. हीच विद्या ते गेली अकरा वर्षे तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, सहा खुर्च्या आणि एक आरसा एवढ्या सामानावर शिकवत होते.

"पुढच्या... महिन्यापासून... तुम्ही माझ्याकडे," ते म्हणाले.

मेकॅनिक वळला. तो आवाज ऐकून न वळणारा माणूस मास्तरांना अजून भेटायचा होता.

"असं बोलायचं मी?" त्याने विचारले. "गिऱ्हाईक पळून जाईल."

"जातं. मग येतं... परत."

बायकोला हसू आले, ते तिने पदराआड दाबले. मेकॅनिकने पुन्हा भिंत धरली.

एरवी मास्तर इथे आपले ठरलेले बोलणे बोलत. आज घरी कोणाला तोडून बोलू नका, शेवटचे जे बोलाल ते माणसांच्या लक्षात राहते, एवढेच ते बोलणे होते. पण आज ते सुरूच होईना. महिनाभर मास्तर त्या बोलण्याशी अडखळत होते.

मास्तर व्हावे असे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी मनात आणले नव्हते. विशीत ते भाजी बाजारात लिलाव पुकारत. पहाटे टोमॅटोच्या क्रेटवर उभे राहून त्यांनी भाव पुकारला की चार गल्ल्यांवरची झोप मोडे. आई म्हणे, पोराच्या घशात देवाने भोंगा बसवून पाठवलाय. बाजार हलला तेव्हा ते रिक्षात बसून सिनेमांची आणि साबणांची जाहिरात करत गावभर फिरले. मग बसस्थानकावर घोषणा करायला लागले. तिथेच आवाज बसू लागला. सर्दी असेल म्हणून त्यांनी वर्षभर काढे घेतले आणि वर्षभराने डॉक्टरांनी हा घसाच काढावा लागेल असे सांगितले.

ऑपरेशननंतर ते बल्बच्या कारखान्यात खोकी भरायला बसले. बोलायचे कामच नव्हते, ते बरेच होते. कारखाना बंद पडल्यावर एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी साहेबाने हातात शिटी दिली आणि वाजवून दाखव म्हणाला. मास्तरांनी ती ओठांत धरली तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की आपल्या तोंडातून वारा येतच नाही. साहेब बराच वेळ वाट पाहत उभा होता. मग त्यानेच खाली बघत शिटी परत घेतली.

त्याच आठवड्यात तपासणीच्या रांगेत एक म्हातारा औषधवाला पुढे उभा होता. त्याच्याही गळ्याला पट्टी होती, आणि तो चक्क नर्सशी भांडत होता. मास्तर त्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेले. पाच महिने रोज त्याच्या ओट्यावर बसून ते ढेकर द्यायला शिकले. जन्मभर मुलाला ढेकरावरून दटावणारी मास्तरांची बायकोही सोबत येऊन दाराशी त्यांचा धडा ऐकत बसे. म्हातारा गेला तेव्हा इस्पितळाला शिकवणारे कोणी उरले नाही, आणि डॉक्टरांनी यांनाच बोलावले.

हे सगळे ते नव्या माणसाला हसत सांगत. एक गोष्ट मात्र ते कोणाला सांगत नसत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा उशिरा आला होता. पंधरा वर्षांचा पोर, शाळेची मॅच संपवून, गुडघ्याला माती लागलेला. मास्तर दुपारपासून दाराकडे डोळे लावून होते. पोरगा दिसताच उद्याच्या भीतीचा राग झाला. "आता कशाला आलास? तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही," ते म्हणाले. पोरगा जिन्यात जाऊन बसला. मास्तर मग कोणाशीच बोलले नाहीत. सकाळ झाली, आणि ते वाक्य तेवढे शेवटचे ठरले.

पुढे चौदा वर्षे ते वाक्य त्यांच्या पाठीस लागले. स्वप्नात त्यांना जुना आवाज परत मिळे. खणखणीत, छातीतून येणारा. पण त्या आवाजात दुसरे काही बोलताच येत नसे. ते बाजारात क्रेटवर उभे राहत, तोंड उघडत, आणि भावाऐवजी तेच बाहेर पडे. जाग आली की गळ्याचे भोक धापा टाकत असे.

मुलगा मोठा झाला, दूरच्या शहरात नोकरीला लागला, नेमाने येत राहिला. त्याच्या वागण्यात कधी अढी दिसली नाही. तरी मास्तरांना वाटे, पोराने ते कुठेतरी आत ठेवले असणार.

गेल्या महिन्यात तो आला होता. मास्तरांचे केस तोच कापे, कारण न्हाव्याच्या हातून केस भोकात जातील याची बायकोला धास्ती. गॅलरीत खुर्ची टाकून, गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून तो कापत होता. आपल्याला त्याचे तोंड दिसत नाही, हीच संधी, असे मास्तरांना वाटले. त्यांनी घोट घेतला.

"तेव्हा... इस्पितळात... मी तुला बोललो. तुझ्यावाचून... अडलं नाही. ते खरं नव्हतं."

कात्री थांबली.

"कधी म्हणालात?" मुलाने विचारले. "मला नाही आठवत, बाबा."

मास्तरांनी मान वळवायला बघितली. त्याने हलकेच ती सरळ केली.

"मॅच आठवते. जिन्यातला थंडावा आठवतो. बाकी काही नाही." कात्री पुन्हा चालू झाली. मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "खरं सांगू? तुमचा तेव्हाचा आवाजच मला आठवत नाही. आठवायला गेलं की हाच येतो."

त्याने ते मायेने सांगितले होते. मास्तरांनी त्याचा हात थोपटला. पण त्या दिवसापासून स्वप्न पडायचे थांबले नाही, उलट वाढले. आता त्या बाजारात त्यांच्याशिवाय चिटपाखरूही नसे. आपला आवाज जगात आता आपल्या एकट्याच्या डोक्यात उरला आहे, आणि तिथे त्याच्याजवळ एवढे एकच वाक्य आहे, हे त्यांना कळून चुकले होते.

"मास्तर," मेकॅनिक भिंतीकडे बघतच म्हणाला, "तुम्ही काय बोलला होतात? आदल्या दिवशी?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारी. मास्तर तो टाळत. आज त्यांनी सांगितले. वाक्य सांगितले, आणि मुलाने केस कापताना काय उत्तर दिले तेही. घोट घेत, थांबत, त्याला बराच वेळ लागला.

मेकॅनिक उठून बसला.

"म्हणजे लक्षात राहायचं नसेल कोणाच्या, तर बोलून काय फायदा?"

मास्तरांनी हवेचा घोट घेतला.

"फायदा... माहीत नाही," ते म्हणाले. "मी मात्र... बोललो असतो. अजून थोडं."

ते उठले आणि पडदा ओढून पलीकडे जाऊन उभे राहिले. मग खाट करकरली.

"ऐक," मेकॅनिक म्हणाला. "ती हिरवी स्कूटर आहे ना, शाळेतल्या बाईंची, तिचा प्लग मी काढून ठेवलाय. खिडकीतल्या बरणीत. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

"बरं," बायको म्हणाली.

"शटरला तेल घाल. तुला ओढवत नाही ते. आधी डावीकडून उचलायचं, मग उजवीकडून."

"माहितीये मला."

"माहिती असू दे. मी सांगतोय ना."

तो सांगत राहिला. पान्यांचा डबा, मागच्या खोलीतली गळती, तिची गुडघ्याची गोळी ती नेहमी विसरते ती, लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघे पावसात वाट चुकले होते आणि ती त्याच्यावर चिडली होती ती गोष्ट. तिने मध्येच काहीतरी दुरुस्त केले, त्यावर तो अडला, आणि दोघे त्या जुन्या वाटेवरून हळू आवाजात वाद घालू लागले.

मास्तर शब्दांकडे लक्ष देत नव्हते. डोळे मिटून ते नुसता आवाज ऐकत होते. थोडा घोगरा. 'स' म्हणताना शीळ घातल्यासारखा. वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, आणि बायकोचे नाव घेताना थोडा वर जाणारा. एकदा, दोनदा, पुन्हा पहिल्यापासून, ते तो पाठ करत होते.