खोटं दुखणं

मेकअपवाली टकलावर पावडर थापत होती, तेवढ्यात क्लेटन बर्डेटने मान वळवली. ब्रश सरळ कानात गेला.

“नीट बसा हो! नाहीतर टीव्हीवर नुसतं टक्कल चमकेल,” ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत डेलरॉय हॅस्किन्स येऊन बसला होता. नऊ वर्षांत त्याचं अंग सुटलं होतं. बसला तरी उजवा पाय दुमडत नव्हता. क्लेटनने त्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा आरशाकडे तोंड फिरवलं.

क्लीव्हलंडमध्ये सकाळी दहाला निम्मं शहर क्लेटनचा खेळांवरचा कार्यक्रम लावतं. दोन माणसं, एक टेबल, एक प्रश्न. एकाने हो म्हणायचं, दुसऱ्याने नाही, आणि तासभर भांडायचं. कोणाला मनातून काय वाटतं याला तिथे काडीची किंमत नाही. बाजू आधीच वाटून दिलेल्या असतात. नऊ वर्षांपूर्वी डेलरॉय शहराच्या बास्केटबॉल संघात होता आणि प्रश्न होता त्याच्या गुडघ्याचा, आणि क्लेटनच्या वाट्याला आलं की हा ढोंग करतोय. तीन आठवडे त्याने तेच लावून धरलं. लोक रस्त्यात पोराची हुर्यो उडवू लागले. शेवटी डेलरॉय तसाच मैदानात उतरला आणि त्या सामन्यानंतर त्याचा बास्केटबॉल कायमचा सुटला. सव्विसाव्या वर्षी!

आता क्लेटनसमोरची खुर्ची रिकामी झाली होती. त्या जागेसाठी आज डेलरॉयची परीक्षा होती.

“डेलरॉय,” क्लेटन घसा खाकरून म्हणाला, “केव्हापासून बोलायचं होतं. तेव्हा मला खरंच कल्पना नव्हती की तुझा गुडघा—”

तेवढ्यात निर्माती रेनाटा दारात उभी राहिली.

“आज विषय आपल्या संघातल्या लँड्रीची पाठ. वीस वर्षांचं पोर, चार सामने बाहेर बसलंय. खरं दुखणं की नाटक? डेलरॉय, पाहुणा तू. बाजू तू निवड.”

क्लेटनला हायसं वाटलं. पोराची बाजू हा घेणार. आपण नेहमीसारखा आरडाओरडा करायचा आणि शेवटी मुद्दाम हरायचं. सगळ्या गावादेखत. तेवढीच माफी.

“नाटक,” डेलरॉय म्हणाला.

दहा वाजता दिवे लागले आणि डेलरॉय सुटलाच.

“विसाव्या वर्षी कसली पाठ दुखते हो? माझी आजी पंच्याऐंशीची आहे, धुण्याची टोपली घेऊन जिना चढते!”

कॅमेरावाले खुदकन हसले.

“मणका आहे तो, मणका,” क्लेटन म्हणाला. “तुला तर हे कळायला पाहिजे. तुझ्या बाबतीत काय झालं?”

“माझ्या बाबतीत? मी खेळलो, काका! कुरकुर न करता खेळलो!”

जाहिराती सुरू झाल्या. रेनाटाचा आवाज दोघांच्याही कानात आला, “सोनं आहे हा माणूस, सोनं!”

डेलरॉयने ग्लास उचलला आणि पाणी घटाघटा प्यायला.

“त्या पोराची पाठ खरंच गेली आहे,” क्लेटन हळूच म्हणाला.

“माहीत आहे. काल फोन केला होता त्याला. रडत होता बिचारा.”

“आणि तरी तू हे बोलतोस? लाज नाही वाटत?”

“वाटते ना.” डेलरॉयने ग्लास खाली ठेवला. “साहेब, मघाशी म्हणालात, तुम्हाला कल्पना नव्हती. संघाच्या डॉक्टरनं मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाला, बर्डेटला तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवून आलोय, उद्यापासून गप्प बसेल.”

क्लेटन समोरचे कागद सारखे करू लागला. ते सारखेच होते.

“मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टीव्ही लावून बसलो होतो,” डेलरॉय म्हणाला. “आई पण बसली होती शेजारी.”

“दहा सेकंद!” कोणीतरी ओरडलं.

लाल दिवा लागला. बोलायची पाळी क्लेटनची होती. त्याने तोंड उघडलं, टेबलावर हात ठेवला, आणि शब्दच फुटेना. एक सेकंद, दोन, तीन. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

डेलरॉय त्याच्याकडे बघत राहिला. मग तो सावकाश कॅमेऱ्याकडे वळला आणि हसला.

“बघा मंडळी,” तो म्हणाला, “काकांनासुद्धा पटलं!”