कप्तानाची खोली

निवृत्त होऊन कप्तान घरी आले ते एकटे नाही, सगळी बोटच घेऊन आले. डावं-उजवं त्याच दिवशी घरातून हद्दपार झालं. बोटीच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे, तोंड केलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. बायकोने हे ज्ञान भाजी चिरता चिरता ग्रहण केलं. इतकी वर्षं ती नुसत्या डाव्या-उजव्यावर संसार रेटत होती, नवलच म्हणायचं!

घराची नाळ म्हणजे मुख्य दार, असं कप्तानांनी जाहीर केलं. आणि कप्तानाची खोली स्टारबोर्डलाच, दर्यावरचा रिवाज! दाराकडे तोंड केलं की उजवीकडे येत होती ती तिची, सकाळच्या उन्हाची खोली. तिच्या आखडलेल्या गुडघ्यांना तेवढंच ऊन मानवायचं. पण रिवाजापुढे गुडघ्यांची काय टाप! तिची खाट समोरच्या ओल आलेल्या खोलीत गेली. कप्तान मात्र उन्हाच्या खोलीत पडदे ओढून उशिरापर्यंत घोरत.

"अहो, थोडे दिवस बदलू या का? सकाळी उठवत नाही हो मला."

"बोटीवर असं कुणी म्हटलं नाही कधी!"

"तिथे सगळे गुडघे किनाऱ्यावर ठेवून येत असतील."

पुढे लेक चार दिवस राहायला आली. बाबा मागच्या बाल्कनीत, डोळ्यांना दुर्बीण.

"बाबा, हे काय?"

"पहारा. पहारा नेहमी नाळेवरून. मागून काय दिसणार, कप्पाळ?"

आतून भिंत धरत धरत आई आली. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"म्हणजे नाळ इकडे का हो?"

"अं... तसं म्हणजे..."

"नाहीतर दाराशी उभे राहा. कचऱ्याच्या डब्याजवळ जागा आहे."

लेकीने ओठ दाबले. "बाबा, इकडे तोंड केलं की स्टारबोर्डला आईची अंधारी खोली येते."

कप्तानांनी खालच्या गल्लीकडे पाहिलं. एक सायकल, दोन मांजरं, शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं. एवढा मुलूख सोडून डब्यापाशी जायचं?

"नाळ इकडेच," ते घसा खाकरून म्हणाले. "मी केव्हाच ठरवलं होतं. सांगायचं राहिलं."

"राहतं हो. व्याप का थोडा आहे तुम्हाला?"

खाटा लेकीने ओढल्या. हुकूम कप्तानांनी सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीतून शेजाऱ्याला सांगत होते, "उन्हाची खोली हिला देऊन टाकली मी. आपली माणसं आपणच जपायची."

"हो तर," ती पडदा सारून, पाय उन्हात पसरत म्हणाली. नवऱ्याचा शब्द तिने खाली पडू दिला नाही.