मानेखालचा तळवा

मी एक जुनी चटई आहे. पण मित्रांनो, माझ्यावर बसू नका. माझ्यावर आजवर कोणी बसलेले नाही.

सामोआ बेटावर केवड्याच्या जातीचे एक झाड असते. त्याची पाने उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून आणि नखाने सुतासारखी चिरून सिना नावाच्या बाईने मला विणले. एक पात वर, एक पात खाली. दोन वर्षे लागली. मी रेशमासारखी मऊ झाले. माझ्या कडेला लाल पिसे आली. तिथे माझ्यासारखी चटई लग्नात देतात, मयताला देतात, आणि

थांबा. तिसरे कारण नंतर सांगते. आत्ता सांगवत नाही.

सिनाचा मुलगा इओआने पैलवान झाला. मातीतला नव्हे; दोरांच्या रिंगणातला, जिथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. तुम्ही म्हणाल, मग ते सगळे खोटेच. मित्रांनो, निकाल ठरवता येतो, पडणे ठरवता येत नाही. मला खांद्यावर घेऊन इओआने रिंगणात उतरला की लोक उभे राहत. पुढे त्याचा मुलगा फिलिपो उतरला, आणि मग फिलिपोचा तवीता. घरामागच्या गवतावर प्रत्येक बापाने मुलाला पहिला धडा एकच दिला.

"समोरचा तुला आपली मान देतो. ती उसनी असते. तिच्याखाली तळवा ठेव. टाळ्या मागाहून ऐक."

तीन पिढ्या. या घराच्या हातून एकही मान मोडली नव्हती.

२००६ साली खेळ करायला तवीता मला घेऊन सिंगापूरला आला. त्या संध्याकाळी त्याच्यासमोर उज्ज्वल होता, चोवीस वर्षांचा, तिथल्याच तोआ पायोह वस्तीत वाढलेला मराठी मुलगा. घरी सांगायचा, बॅडमिंटनला जातो.

"अंकल, तुमच्या आजोबांचा तो डाव माझ्यावर टाका ना," तो म्हणाला. "लहानपणापासून व्हिडिओत बघतोय."

"टाकतो. पण अंकल म्हणू नकोस रे, मी तिशीचा आहे."

दोघे हसले. मला कोपऱ्यातल्या खांबावर टांगले होते. तवीताने उज्ज्वलला डोक्यावर उचलले. लोक ओरडले. तवीताने लोकांकडे पाहिले. तळवा

इथे माझी वीण उसवते.

पुन्हा सांगते. उचलले. लोक ओरडले. त्याने लोकांकडे पाहिले.

तळवा तिथे नव्हता.

दहा दिवस झाले तरी उज्ज्वलचे हातपाय हलेनात. तवीताने घरी फोन लावला. पलीकडून फिलिपोने एवढेच विचारले, "चटई कुठे आहे?"

मित्रांनो, ते तिसरे कारण हे. आमच्यातल्या कोणी दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त केले, तर तो पहाटे त्या घरासमोर जाऊन मान खाली घालून बसतो. अंगावर चटई घेतो. काही बोलत नाही. घरच्यांनी चटई काढली, तर माफ केले. पूर्वी काही घरांतून कुऱ्हाडही बाहेर येई. तोवर उठायचे नाही.

तवीताचा सिंगापूरला राहायचा पास रविवारी संपत होता. शुक्रवारी पहाटे तो मला डोक्यावर घेऊन उज्ज्वलच्या दारासमोर, सातव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये बसला.

आत उज्ज्वलच्या आईने, प्रेमलाताईंनी, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि दार उघडले.

"अगं बाई! राणी, कोण गं हा?"

उज्ज्वलची बहीण डोकावली. "आई, तोच तो. रेसलर."

"तोंड लपवून बसलाय? माझ्या दारात?" त्यांनी दार लावायला घेतले. पण नुसत्या फरशीवर बसलेला माणूस त्यांना बघवेना, मग तो वैरी का असेना. "असली चांगली चटई डोक्यावर कशाला? खाली घाल की!" आणि त्यांनी मला ओढून काढले.

तवीताने त्यांच्या पायांवर कपाळ टेकले. "थँक यू, मदर. थँक यू." हुंदका आवरेना. राणीने त्याला विचारले, त्याने अडखळत सांगितले.

"आई, तू त्याला माफ केलंस."

"मी? कधी?"

"चटई काढलीस ना. त्यांच्यात तसंच असतं."

प्रेमलाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "सांग त्याला, मी बसायला दिलं होतं! घाल म्हणावं परत. माझ्या पोराची मान एवढी स्वस्त नाही."

"असं परत घालता येतं का, आई?"

भाषा कळत नसूनही तवीताला कळले. त्याने स्वतःच्या हातांनी मला पुन्हा डोक्यावर ओढले.

एकदा निघालेली चटई परत डोक्यावर येते, हे सिनाने मला विणताना सांगितले नव्हते. माझ्याखाली तो घुसमटत होता. शनिवारी शेजारच्या चिनी आजी पाणी ठेवून गेल्या. "ड्रिंक लाह, बॉय." तो प्यायला नाही. माझी पिसे त्याच्या घामाने चिकटली. मला ओरडावेसे वाटत होते. पण चटईला तोंड नसते.

रविवारी दुपारी उज्ज्वलचे वडील, भाऊसाहेब, यांनी हॉस्पिटलमधून फोन करून तो मुलाच्या तोंडाशी धरला. राणीने स्पीकर लावला.

"आई, तो अजून बसलाय?"

"बसू दे."

"मला हात असते ना, तर मीच काढली असती."

"तुझे हात ह्यानेच नेले!"

"म्हणून तर तुझे मागतोय."

प्रेमलाताई जाळीचे गेट उघडून बाहेर आल्या. मग माझ्या कडेला बोटे लागली. थंड होती. त्यांनी मला उचलले, त्याचा चेहरा दिसेल एवढेच.

"उज्ज्वलने माफ केलं. मी नाही. ऊठ, विमान चुकेल."

राणीने ते इंग्रजीत सांगितले. तो उठला. रीतीप्रमाणे मला उंबऱ्याशी ठेवून गेला. प्रेमलाताईंनी मला आत घेतले नाही, फेकलेही नाही. दार आणि जाळीचे गेट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी चार महिने उभी होते.

मग उज्ज्वल व्हीलचेअरवर घरी आला. स्पर्श पुन्हा कळू लागावा म्हणून वेगवेगळ्या वस्तू बोटांना लावत जा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. टॉवेल झाला, तांदूळ झाले, ब्रश झाला. एके दिवशी प्रेमलाताईंनी मला आत आणले. आता रोज संध्याकाळी त्या त्याची बोटे माझ्या पिसांवर ठेवतात.

"लागतंय?"

"नाही."

मित्रांनो, मी बोटांनी घडलेली आहे. त्या दोन वर्षांतला सिनाच्या नखांचा स्पर्श मला अजून आठवतो. म्हणून हात जोडता आले असते तर जोडून सांगितले असते : कोणी आपली मान तुमच्या हाती दिली, तर तेवढा वेळ लोकांकडे पाहू नका. तळवा खाली ठेवा. टाळ्या थांबतात. ती मान मात्र कोणाला तरी जन्मभर सांभाळावी लागते.

काल प्रेमलाताईंनी पुन्हा विचारले, "लागतंय?"

"नाही" म्हणायला त्याला थोडा वेळ लागला.