निळ्या काठाची ताटली

“ताटल्या कुठायत?” डॅडींनी विचारलं.

ते गाडीतून अर्धेच उतरले होते. एक पाय गवतात, दुसरा अजून आत. शनिवारचं डायलिसिस आटोपून त्यांचा जुना मित्र होझिया त्यांना थेट दफनभूमीवर घेऊन आला होता. आम्ही वीसेक जण घामाघूम होऊन त्यांचीच वाट बघत होतो. मंगळवारी काउंटीचा मोजणीदार येणार होता. त्याआधी जागा स्वच्छ करायची, हे मीच ठरवलं होतं.

“कसल्या ताटल्या?”

“फुटक्या. ताटल्या, शिंपले, कंदिलाच्या काचा.”

“तो कचरा होय? डॅडी, सतरा पोती निघाली. वर्षानुवर्षं लोक इथे टाकून जात असणार. सकाळीच डंपवर गेलं सगळं.”

मिस आर्डिथ हातमोजे काढत पुढे आल्या. आमच्या मंडळातल्या निवृत्त नर्स, गोऱ्या, सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत जास्त राबलेल्या. “आता कशी दिसतेय जागा, मिस्टर टॉलिव्हर?”

डॅडी त्या मोकळ्या, कापलेल्या गवताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “छान. छान केलंत सगळ्यांनी.”

आणि गवतातला पाय त्यांनी परत गाडीत घेतला.

माझे वडील एझेल टॉलिव्हर गावच्या शाळेत अडतीस वर्षं सफाईचं काम करत होते. वर्गात पडलेलं काहीही, केसातली पिन असो की तुटकी पट्टी, ते वर्षभर एका खोक्यात जपून ठेवत. कचरा म्हणजे काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. “जिच्याबद्दल कुणी विचारलं नाही ती वस्तू,” ते म्हणाले होते. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना कितीदा ऐकवलं आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवते.

दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात आमचं मंडळ बसे. काळे, गोरे, वीस-पंचवीस जण, गोल मांडलेल्या खुर्च्या, कॉफी आणि कुणीतरी आणलेला पाउंडकेक. आपल्या जॉर्जियात, आपल्याच काउंटीत काय काय घडून गेलं, ते मोठ्याने बोलायचं, एवढाच नियम. डॅडी दाराजवळच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसत आणि क्वचितच तोंड उघडत. एकदा मिस आर्डिथ डोळे पुसत म्हणाल्या, “मी इथेच वाढले हो, पण यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.”

“एवढं माहीत नसायला बरीच मेहनत लागत असेल, मिस आर्डिथ,” डॅडी म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मिस आर्डिथ हसल्या.

वसंतात रस्ता रुंद करायची नोटीस आली, तेव्हा मीच मंडळात सांगितलं की जुन्या चर्चमागची जागा रिकामी नाही. चर्च कधीच पडलं होतं. जागा अजून त्याच्याच नावावर होती. दगड थोडे असले तरी थडगी पुष्कळ आहेत, आणि कोण कुठे आहे ते माझ्या वडिलांना ठाऊक आहे, असंही मी म्हणाले. त्या दिवशी रस्ते खात्याचा एक खाकी कोटातला माणूस ऐकायला आला होता. त्याने वहीत लिहून घेतलं, हसून मान डोलावली.

घरी जाताना डॅडींनी विचारलं, “काय लिहिलं त्याने?”

“नोंद घेतली. चांगलंच आहे ना?”

“माझ्या बापानेही एकाला दाखवली होती हद्द. कापसाच्या गिरणीवाल्याला. तोही असाच मान डोलवत होता.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “पुढच्या वर्षी कुंपण अर्ध्या जागेतून गेलं.”

मी त्यांना समजावलं की काळ बदलला आहे.

साफसफाई झाली त्या शनिवारी दुपारी ते स्वयंपाकघरात बसून राहिले. समोर भेंडी-भात तसाच होता.

“डॅडी, काय होतं तिथे?”

“माणूस गेलं की त्याने शेवटचं ज्यात खाल्लं-प्यालं ते त्याच्या उशाशी न्यायचं. आणि तिथे फोडायचं.”

“फोडायचं का?”

“अख्खं राहिलं तर तो घरातल्या आणखी कुणाला बोलावतो. फोडलं की बोलावणं तुटलं.” त्यांनी बोटाने टेबलावर रेघ ओढली. “दगडाला पैसे कुठले? भांडीच आमचे दगड. निळ्या काठाची ताटली म्हणजे आंट सेफ्रोनिया. कंदिलाची काच, तो रूफस, नदीत गेला तो. औषधाची तपकिरी बाटली, ते माझ्या आईचं पहिलं बाळ. भांडं बघितलं की मला नाव सांगता यायचं. आता नाही.”

माझ्या आईला आम्ही गावातल्या नव्या दफनभूमीत पुरलं होतं. तिथे फुलांशिवाय काही ठेवायची परवानगी नव्हती. मी किती देशांच्या अंत्यविधींबद्दल वाचलं होतं.

“मला का नाही सांगितलंत कधी?”

“तू वर्गात सांगितलं असतंस, कॉर्लिस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला वर बघवेना.

सोमवारी ते आणि होझिया डंपवर गेले. बुलडोझर आदल्या दिवशीच फिरून गेला होता. मंगळवारी मोजणीदार त्या स्वच्छ गवतावरून आरामात फिरला. कुठे अडखळला नाही. अहवालात आलं: थडगी अकरा, सर्व उत्तरेकडे. दक्षिणेकडील भाग रिक्त. आठवड्याभरात तिथे नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ओळीने उभ्या राहिल्या. खाकी कोटवाला पुन्हा मंडळात आला आणि त्याने आमच्या सहकार्याबद्दल आभार मानले. मिस आर्डिथ मध्येच उठून बाहेर गेल्या. त्या परत मंडळात आल्या नाहीत.

थंडीत डॅडी झपाट्याने खंगले. जानेवारीत एका दुपारी मला म्हणाले, “मला तिथेच ठेव. ओकच्या झाडापासून दक्षिणेला नऊ पावलं.”

“खुंट्यांच्या पलीकडे? डॅडी, रस्ता जाणार आहे तिथून.”

“एप्रिलपर्यंत जागा चर्चची आहे. पावलं माझी, तुझी नाहीत. होझियाला माहीत आहेत.”

“आणि तिथे आधीच कुणी असलं तर?”

“अहवालात रिक्त लिहिलंय ना?”

बारा दिवसांनी ते गेले.

होझिया ब्राइटने आयुष्यभर थडगी खणली होती. अलीकडे सगळे यंत्राने खणतात. त्या सकाळी त्याने यंत्र आणलंच नाही. ओकला पाठ लावून तिथून तो डॅडींसारखा, डावा पाय किंचित ओढत, नऊ पावलं चालला आणि फावडं रोवलं. आम्ही जवळच उभे होतो. शवपेटी गाडीत होती. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून खाकी कोटवाला उतरला आणि खुंटीजवळ हात खिशात घालून उभा राहिला.

छातीपर्यंत खणून झाल्यावर होझियाने फावडं वर टाकलं. तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती सारू लागला.

“असं का खणतोस, अंकल होझिया?”

“एझेलने सांगितलंय. छातीच्या खाली लोखंड लावायचं नाही म्हणाला.”

थोड्या वेळाने त्याचे हात थांबले. कुजलेल्या फळीची कड दिसत होती. उठून मघा बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगातून त्याने अंगठ्याएवढा एक तुकडा उचलून मला दिला. मी तो बाहीवर पुसला. पांढरा, आणि काठाला निळी रेघ.

डॅडी सगळं विसरले नव्हते. एक जागा त्यांना भांड्याशिवाय आठवत होती.

“साहेब!” होझियाने खड्ड्यातून हाक मारली. “जरा इकडे येता का? तुमच्या रिकाम्या जागेत एक बाई सापडल्यात.”

खाकी कोटवाला जागचा हलला नाही. त्याने फोन काढला. मग शेरीफची गाडी आली, मग तपासनीस, मग पिवळी पट्टी. चौकशी होईपर्यंत तिथे रस्ता होणार नव्हता. दफनही होणार नव्हतं. शवपेटी जशी आली तशी परत गेली.

याला सात आठवडे झाले. डॅडी अजून फ्युनरल होमच्या थंड खोलीत आहेत. काउंटीची पत्रं येतात, दर वेळी नव्या सहीची. शेवटच्या पत्रात लिहिलं आहे की सापडलेलं थडगं ‘एकाकी’ असू शकतं, ते हलवता येईल. परवा संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. पिवळ्या पट्टीच्या आत कुणीतरी नव्या खुंट्या ठोकल्या होत्या.

दफनाच्या दिवशी मी डॅडींचा कॉफीचा कप रुमालात गुंडाळून नेला होता. तो तसाच परत आणला. मी होझियाला विचारलं, घरीच फोडू का?

“इथे नाही फोडायचा, पोरी. तो अजून पोचला कुठे?”

कप स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. अख्खा. सकाळी माझी कॉफी ओतताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.