सोमवारचा काटा

एखादी गोष्ट खटकली की सुचिता हात धुऊन तिच्या मागे लागायची. पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात ऑफिसचं सगळं तीच बघायची, आणि सध्या तिला एकच कोडं पडलं होतं. माणसं सोमवारीच कशी आजारी पडतात? ताप काय वार बघून येतो?

सुरुवात झाली ती विम्यापासून. कामगारांच्या विम्याचा हप्ता वाढला. वजनदार माणसं जास्त आजारी पडतात, खर्चही त्यांच्यावर जास्त होतो, असं विमा कंपनीचा माणूस सांगून गेला. झालं! मालक भगवंतरावांच्या डोक्यात ते घट्ट बसलं. दर सोमवारी सगळ्यांनी वजन करायचं, असा हुकूम सुटला. त्यासाठी वेगळा काटा कशाला? कापसाच्या गाठी तोलायचा होताच की मागच्या अंगणात.

त्यानंतर सुट्ट्या कमी व्हायच्या, तर वाढल्याच. सगळ्यांत जास्त गुणवंताच्या. गाठी बांधायचा प्रेस तो चालवायचा. तो नसला की प्रेस बंद आणि कापसाचा डोंगर.

"पाहा, मी म्हनत होतो ना?" भगवंतराव त्या सोमवारी कडाडले. "जाडा मानूस म्हंजे सुट्ट्याच सुट्ट्या. उद्यापासून त्याच्या जागी त्या बारक्या विशालले घेतो प्रेसवर. गुणवंताले सांगून द्या."

सुचिताला आधी वाटलं होतं, रविवारचं मटण बाधत असेल. मग वाटलं, काट्याला भीत असतील. पण काटा काय चावतो? तिला राहवेना. तिनं स्कूटी काढली आणि थेट गुणवंताचं घर गाठलं.

गुणवंता ओसरीत बसून सुजलेल्या गुडघ्यांना तेल चोळत होता. तापबिप काही नव्हतं. तिला पाहून तो ओशाळला.

"बाई, तुमी कायले आल्या?"

"विचाराले आली. सोमवारीच काहून दुखते तुमचं?"

"दुखते तर रोजच जी." तो खाली बघत राहिला. "काट्यावर हर्षल असते ना? गाठ चढली का वजन जोरानं वरडते, दुसरा ते गाठीवर रंगवते. मी चढलो, तं त्यानं सवयीनं तसंच वरडलं. कापूस घेऊन आलेले कास्तकार उभे होते. एक जन म्हने, 'रंगवा रे याच्या पाठीवर!' सारे हासले. मी बी हासलो. पन घरी येऊन जेवन नाही गेलं, बाई."

मशीनच्या आवाजात ऑफिसपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं.

"आणि हे गुडघे? डॉक्टरले दाखवले?"

"नाही जी. तो बी पयले काट्यावरच उभा करते. आता काटा पाह्यला का पायच उचलत नाही."

ती परतली ती रागानं धुमसतच. भगवंतरावांना तिनं सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

"अहो, तब्येतीसाठीच तं करून राहिलो ना मी!" ते म्हणाले. "थट्टा होनारच थोडीबहुत. एवढं काय मनाले लावून घ्याचं?"

"मग पहिले तुम्ही चढा शेठजी. कास्तकार आहेत बाहेर. हर्षलही आहे."

भगवंतराव तावातावानं उठले. दारापर्यंत गेले. अंगणात बैलगाड्या लागल्या होत्या, माणसं बिड्या ओढत उभी होती. भगवंतरावांनी सदरा पोटावरून खाली ओढला आणि तिथंच थांबले. मग येऊन खुर्चीत बसले. सुचिताला वाटलं, आता आपलीच नोकरी जाते.

"लय सुजले काय त्याचे गुडघे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. आणि डॉक्टरकडे जायले तयार नाही."

"मले बी जिना चढलो का दम लागते," ते म्हणाले. "घरी सांगतो, डॉक्टरले दाखवलं. खोटं सांगतो, सुचिताबाई. गेलोच नाही मी."

सुचिता समोरच्या खुर्चीत बसली.

"विशालले नाही म्हनून सांगा," ते म्हणाले. "आन गुणवंताले विचारा, माह्यासंगं येते काय डॉक्टरकडे. एकट्यानं नाही जाववत."