खिंडीच्या अलीकडून परत

सर, जेबा मॅडमनं सहल बुडवली, असं तुम्ही पालकांच्या बैठकीत माईकवर सांगितलं. खोटं बोललात. स्वयंपाकाला तुम्हीच मला लेहला पाठवलं होतं, मी तिथं होतो. तुम्ही लातुरात होता.

जायच्या आधी तुमच्या सूचना काय, तर टी-शर्ट क्लासचाच घाला आणि लेहच्या वरच्या उंच खिंडीत क्लासचा बॅनर ताठ धरा, नाव दिसलं पाहिजे. तिथली हवा विरळ असते, हे तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाही. ते सांगितलं जेबा मॅडमनं. उदगीरची बाई, तुमच्याकडं बायलॉजी शिकवणारी. बालाघाटापेक्षा उंच डोंगर तिनंबी पाहिला नव्हता. पण डॉक्टरांना गाठून तिनं सगळं विचारून घेतलं होतं.

विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुस्तं पडून राहायचं. आंघोळ नको, पळापळ नको. तहान नसली तरी पाणी प्यायचं. तंबाखू बंद, हे माझ्याकडं बघून. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवायचं नाही, आणि दुखणं वाढलं तर वर न जाता खाली उतरायचं.

एका पोरानं विचारलं, "मॅडम, हे नीटच्या सिलॅबसमधी हाय का?"

"हाय की," ती म्हणाली. "आन् निगेटिव्ह मार्किंग लई हाय."

सोबत सिंधुबाई होती, तुमच्या टॉपरची, शिवमची आई. फोटोत माय-लेकरू शोभतं म्हणून तुम्हीच तिला धाडलेलं. किल्लारीकडची. भूकंपात तिचं अख्खं माहेर दगडमातीखाली गेलं, तवा ती लहान होती. लेहला उतरलो ते घर कसं? जाड भिंती, वर लाकडं, लाकडांवर माती. हुबेहूब आपलं माळवद. सिंधुबाई दारातच थांबली. मी ह्याच्याखाली निजत न्हाई, म्हणाली. पोरं हसली. शिवमनं लाजून मान खाली घातली.

मॅडम हसली नाही. समजावत बसली नाही. घरमालकाकडून तंबू मागून घेतला, अंगणात ठोकला, सगळ्यात जाड रजया आत टाकल्या आणि स्वतःबी सिंधुबाईजवळ तिथंच झोपली. मी घरात दोन रजया घेऊन कुडकुडत होतो, म्हणून सांगतो, ही साधी गोष्ट नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन. पेपरात जाहिरातीची जागा घेतलीय, खिंडीतला फोटो आजच पाहिजे. मॅडमनं अजून एक दिवस मागितला. तुम्ही दिला नाही. निघालो.

गाडी वळणं घेत चढू लागली तसा आत बामचा वास सुटला. लातूरच्या प्रत्येक खोलीत हा वास असतो. आपल्याकडं डोकं दुखलं म्हणजे पोरानं अभ्यास केला. त्याला आजार कोण म्हणतं? बाम चोळायचा, पुढचं पान उलटायचं. पोरं इथंबी तेच करत होती. मॅडमनं गाडी थांबवली आणि एकेकाचं कपाळ हुंगलं. सगळ्यात जास्त वास आला सिंधुबाईच्या पदराला.

मॅडमनं तिला खाली उतरवलं. रस्त्याकडंच्या मातीत बुटानं रेघ ओढली आणि तोल बघायला टाचेला अंगठा लावत त्या रेघेवरून चालायला लावलं. डोक्यावर दोन घागरी घेऊन बांधावरून चालणारी बाई ती. तिसऱ्या पावलाला झोकांडी गेली.

"कवापासून दुखतंय?"

"काल सांजंपासून. पर आता वर चला, मॅडम. पोराचा फोटू हुकंल."

"पोराला फोटू पायजे का आई पायजे, त्यालाच इचारा."

शिवम रडायलाच लागला. मॅडमनं तुम्हाला फोन लावला. खिंड समोर दिसत होती. तुमचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू आला: बाई गाडीत बसून राहील, तुम्ही दहा मिनिटांत फोटो काढून या. मॅडमनं ऐकून घेतलं. म्हणाली, "सर, गाडी फिरली." आणि मग ड्रायव्हरला हात केला, फिरव म्हणून.

खाली दवाखान्यात सिंधुबाईला ऑक्सिजन लावला. मेंदूला सूज यायला लागली होती, वर नेली असती तर वाचली नसती, असं तिथल्या डॉक्टरनं आमच्या समोर सांगितलं. आज ती गावात आहे, सोयाबीन काढतीय. अशी हिंमत मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. नोकरी जाणार हे मॅडमला फोन ठेवतानाच कळलं होतं, तरी परतीच्या वाटेवर ती पोरांना पाणी पाजत बसली होती.

आणि तुम्ही तिला काढलं. पुढच्या उन्हाळ्यात नवी बॅच लेहला जाणार, असा फलक तुम्ही पुन्हा चौकात लावलाय. त्यात कुणाची तरी लेकरं असतील, कुणाची तरी आई असेल. त्यांची गाडी कोण थांबवणार आहे, सर? पालकांना पुन्हा बोलवा, तोच माईक हातात घ्या आणि त्याचं नाव सांगा.